आई हरावी म्हणून

"जरा सरक ना, काही दिसत नाहीये," मागून कोणीतरी म्हणालं, आणि ऋतिका मान न वळवताच म्हणाली, "लवकर यायचं मग!"

कांदिवलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये मतमोजणी चालू होती. मधे लोखंडी जाळी. पलीकडे टेबलं, यंत्रं आणि कर्मचारी. अलीकडे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर खेटून बसलेली उमेदवारांची माणसं. मागचा मुलगा शेवटी तिच्याच शेजारी येऊन बसला. गळ्यातल्या पासवर नाव होतं हर्षद, आणि खाली उमेदवार – जानकीताई. म्हणजे शत्रुपक्ष!

ऋतिका आली होती ती स्वतःच्या आईची प्रतिनिधी म्हणून. खरं तर नानांची. वॉर्डात चपला झिजवल्या त्या तिच्या वडिलांनी, नानांनी. सोडतीत वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि रातोरात पोस्टरवर आईचा फोटो चढला. मालनताई! सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलायचं म्हटलं तरी जिला घाम फुटायचा, ती. तिचा शिवणक्लास बंद पडला, झोप उडाली. निवडून आली तर सही तिची आणि कारभार नानांचा, हे त्यांच्या चारकोपमधलं शेंबडं पोरही सांगत होतं. सकाळी निघताना आईने ऋतिकाचा हात घट्ट धरला होता... "माका हरूंदे गो बाय."

आणखी एक फेरी संपली. आई मागे. ऋतिकाने हळूच श्वास सोडला.

"ए," हर्षद कुजबुजला, "तुमच्या बाई मागे पडल्या की तू हसतेस."

"कोण हसतंय?"

"खळी पडते ना. प्रत्येक वेळी."

"तुला यंत्राकडे बघायला पाठवलंय. माझ्याकडे नाही."

"यंत्र फार बोअर आहे गं..."

तिला खरंच हसू आलं. मग ती खाली बघत म्हणाली, "आई आहे ती माझी."

"सॉरी. म्हणजे... तुला ती जिंकायला नकोय?"

"तिलाच नकोय."

हे आपण या अनोळखी मुलाला का सांगितलं, तिला कळेना. पण तो हसला नाही, वळून आपल्या पोरांना सांगितलं नाही. खिशातली चिक्की काढून त्याने अर्धी तिच्यापुढे धरली, एवढंच.

दुपार कलली तशी आई वर सरकू लागली. शेवटच्या फेरीला दोघी जवळजवळ बरोबरीत. शेवटच्या यंत्रावरचे आकडे दाखवून झाले, आणि सकाळपासून उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याने ते फळ्यावर उतरवले. आईचा आकडा एक ओळ खाली गेला, भलत्याच उमेदवारासमोर.

जानकीताईंची माणसं नाचायलाच लागली. नानांच्या माणसांनी माना खाली घातल्या. चूक कोणाच्याच लक्षात आली नव्हती. गप्प बसलं, तर...?

अंधेरीच्या लॅबमध्ये ऋतिका रोज लोकांच्या रक्ताचे रिपोर्ट तपासायची. चुकीचा आकडा तिने कधी जाऊ दिला नव्हता. पण सकाळचा तो घट्ट धरलेला हात...

ती उठली. "सर, ओळ चुकली!"

त्याच क्षणी शेजारची खुर्ची धाडकन मागे पडली. "सर, ती मतं मालनताईंची आहेत!" हर्षद हात वर करून उभा होता.

"ए गधड्या, बस खाली!" मागून त्याच्याच पोरांची ओरड. "कोणाचं खातोस रे तू?"

फळा पुसला गेला. बेरीज पुन्हा सुरू झाली. दोघंही उभीच होती, एकमेकांकडे न बघता. आणि मग निकाल पुकारला – जानकीताई विजयी. थोडक्यात, पण विजयी!

ऋतिका खाली बसली आणि तोंडावर ओढणी दाबून हसत, रडत राहिली.

बाहेर संध्याकाळ गुलालाने लाल झाली होती. नाना स्कूटरला टेकून उभे होते. घरून धावत आलेल्या आईने ऋतिकाला बाजूला ओढलं. "हरलंय मां? नक्की?"

"नक्की गं आई."

"मगे उद्यापासून क्लास!" आणि कितीतरी दिवसांनी आई मोकळं हसली.

तेवढ्यात हर्षद आला, कानापर्यंत गुलालाने माखलेला.

"मिरवणुकीत जा की तुमच्या," ऋतिका म्हणाली.

"घेत नाहीयेत. गद्दार म्हणतात."

"मीही गद्दारच. माझं पहिलंवहिलं मत तुमच्याच बाईंना दिलं मी. पण तू का उठलास? जिंकत होतात ना तुम्ही?"

"आकडा चुकीचा होता." मग तो गुलालाखालीही लाल झाला. "आणि... तुला उठावं लागू नये असं वाटलं. आपल्याच आईच्या इच्छेविरुद्ध."

ऋतिकाने ओढणीचं टोक घेतलं आणि ती त्याच्या कानावरचा गुलाल हलकेच पुसायला लागली.

"अगं... तुझे बाबा बघतायत."

"बघू देत," ती म्हणाली, आणि दुसऱ्या कानाकडे वळली. "आज एवीतेवी हरलेच आहेत ते."