छतातल्या उशा

बूट काढून पाय नुकते स्टुलावर टाकले होते, तेवढ्यात दुकानाच्या मालकांचा फोन. "शेवटचं एकच काम कर. तुझ्याच बिल्डिंगमध्ये आहे, तुझ्या खालच्याच घरात. छतातले एलईडी फडफडतायत म्हणे."

दिवसभर वायरी ओढून हातांत त्राण उरलं नव्हतं. पण खालच्याच घराला 'लांब पडतं' असं कुठल्या तोंडाने सांगणार? बाबांना म्हटलं, "आलेच," आणि पिशवी उचलून जिना उतरले.

दार उघडलं त्याने. केस विस्कटलेले, डोळे तांबारलेले, स्वेटर उलटा घातलेला.

"इलेक्ट्रिशियन कधी येणारेत?" त्याने मलाच विचारलं.

"आल्या आहेत."

तो माझ्यामागे जिन्यात बघायला लागला... मग माझ्या हातातली पिशवी दिसली आणि बिचारा कानापर्यंत लाल झाला. हा प्रश्न मला नवा नाही. त्यावर चिडणं मी कधीच सोडलंय, तेवढीच ताकद वाचते.

"माफ करा. माझी झोप झालेली नाही —"

"माझीही नाही. दिवे कुठेत?"

झोपायच्या खोलीत, पलंगाच्या बरोब्बर वर, फॉल्स सीलिंगमध्ये चार गोल दिवे बसवलेले. बटण दाबलं तर चारही शहाण्यासारखे लागले. नेहमीचंच आहे हे. डॉक्टरसमोर पोटदुखी पळते आणि माझ्यासमोर दिवे सुधारतात.

मी बटणामागच्या वायरी बघितल्या, एक सैल होती ती कसली. शिडीवर चढून कडेच्या एका दिव्याला वीज पुरवणारी ड्रायव्हरची डबी बदलली. तो खाली शिडी धरून उभा होता. शिडी पक्की होती, धरायची काहीएक गरज नव्हती. पण मी त्याला तसं सांगितलं नाही.

"महिनाअखेरीला घर सोडतोय मी," तो म्हणाला. "जाताना सगळं नीट असलेलं बरं."

"चांगलं तर आहे घर."

"घराचा दोष नाही हो. वरचे लोक." त्याने आवाज खाली आणला. "मी शहराच्या पाण्याच्या पंपांवर रात्रपाळी करतो. सकाळी येऊन डोळे मिटले, की वर सुरू. ठक... ठक... घर्र... रोज फर्निचर हलवतात. रोज काय नवा संसार मांडतात, देव जाणे."

बरं झालं, माझं तोंड छताकडे होतं.

"वर जाऊन बोलला नाहीत?"

"मला भांडता येत नाही. त्यापेक्षा सामान बांधणं सोपं."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण दमलेल्या माणसाला खरं बोलायलाही अंगात जोर लागतो... मी विषय बदलला. "लावल्या लावल्या फडफडतात का?"

"नाही. थोडा वेळ बरे असतात. मग एक विझतो, परत लागतो, मग दुसरा. डोळे मिचकावल्यासारखे."

हे आधी विचारायचं असतं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तशी मी बटणं उघडत बसले होते. तापल्यावर विझतो आणि निवल्यावर लागतो, म्हणजे दिव्याला मागून हवा मिळत नाही. खात्री करायची तर दिवे लावून वाट बघणं आलं.

"मग बसा ना," तो म्हणाला. "कॉफी करतो."

त्या 'बसा ना'वर मी पिशवी खाली ठेवली आणि खरंच बसले. दिवसभर लोक मला 'इकडे बघा', 'तिकडे बघा', 'झालं का' म्हणतात. घरी बाबांना उठवायचं, चालवायचं, भरवायचं. मला कुणी बसा म्हटल्याला किती दिवस झाले होते, आठवेना.

कॉफी गोडमिट्ट होती.

"साखर किती वेळा घातलीत?"

"घातली की नाही, तेच आठवत नव्हतं. म्हणून परत घातली."

"पंप तरी आठवणीने चालू ठेवता ना?"

"पंप बंद पडला तर अख्खं शहर भांडायला येईल. ते लोक माझ्यासारखे नाहीत."

तो हसला. हसला की त्याच्या दमलेल्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकायचं... मी घाईने छताकडे बघितलं.

"तुम्ही कायम वरच बघता?"

"धंदाच तो आहे."

"कधी समोरही बघत जा," तो म्हणाला, आणि स्वतःच इतका दचकला की अर्धी कॉफी सांडली.

तेवढ्यात वरचा दुसराच एक दिवा विझला. मी बटण बंद केलं, शिडी चढले, दिवा भोकातून बाहेर ओढला. चांगलाच चटका बसला. त्याच्यामागून कापसाचा एक पुंजका खाली लोंबायला लागला, कडेला तपकिरी झालेला.

"हे काय?"

"उशी," तो अगदी हळू म्हणाला.

"छतात?"

"सहा आहेत. एसीसाठी ठेवलेल्या झडपेतून आत सरकवल्या. वरचा आवाज कमी येईल म्हणून —"

"दिव्यांवर उशा?" माझा आवाज चढला. "करपलाय हा कापूस, बघा. कधीही पेट घेतला असता. खाली तुम्ही झोपलेले, आणि वर..." मी दिवा हातात धरूनच शिडी उतरले. "वर माझे बाबा आहेत. त्यांना पळता येत नाही."

त्याने छताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वर मी राहते. फर्निचर नाही हलवत आम्ही. बाबांना पक्षाघात झाला होता. सकाळी मी त्यांना चालवते. ठक म्हणजे त्यांचा वॉकर. घर्र म्हणजे डावा पाय."

तो पलंगावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. नंतर आम्ही सहाही उशा बाहेर काढल्या. दिवे परत बसवून, ते तापूनही विझत नाहीत याची खात्री करून मी वर आले.

त्यानंतर मी काय नाही केलं? वॉकरला नवी रबरं लावली, पण पायाचं काय करणार? सतरंजी अंथरली, तर तिच्यात अडकून बाबा पडता पडता वाचले. पहाटे चालवावं तर बाबांचं अंग आखडलेलं असतं, उशिरा चालवावं तर मला कामावर निघायचं असतं, संध्याकाळी बाबांमध्ये जीव नसतो. बाबा चालले तर तो जाणार. आणि एका गोडमिट्ट कॉफीवर मला वाटत होतं, त्याने जाऊ नये.

"त्या पोराला झोपू दे," बाबा म्हणाले. "मी बसून राहीन."

"अजिबात नाही. चालायचं तुम्ही."

पुढच्या सकाळी बेल वाजली. दारात तो, अंगात ड्युटीचाच शर्ट.

"झोपायच्या आधी काकांना मी चालवतो. म्हणजे मी झोपेन तेव्हा वर शांत असेल. आणि तुम्ही..." तो अडखळला. "तुम्ही तेवढं बसा."

बाबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "रात्रभर जागून आलास. तू मला धरणार, की मी तुला?"

"जो आधी पडेल त्याला दुसरा धरेल, काका."

ते दोघं खोलीभर फिरत राहिले आणि मी बसून, गरम असतानाच, चहा प्यायले. मग तो रोज यायला लागला. महिना मात्र कुणासाठी थांबतो थोडाच? एका सकाळी त्याच्या उघड्या दारातून मला बांधलेली खोकी दिसली.

त्या दिवशी तो बाबांना खुर्चीत बसवून निघाला, तशी मी त्याच्यामागे जिन्यात गेले.

"जाताय?"

"उद्या. नवा भाडेकरू ठरलाय, घरमालकांना शब्द दिलाय. पण काकांना चालवायला मी येईन —"

"बाबांचं नाही विचारत मी." मी पायरीवर बसले. "माझं विचारतेय. मी रोज दमलेली असते. तुम्ही आलात की दमलेलीच असते, पण बरं वाटतं. मला तुम्ही आवडता. लांब जाऊ नका."

तो माझ्या शेजारी टेकला. खाली आपल्या दाराकडे बघत बसला. मला वाटलं, संपलं.

"पलीकडच्याच बिल्डिंगमध्ये खोली घेतलीय," तो म्हणाला. "दुसरीकडे मोठी मिळत होती. पण तिथून सकाळी इथे चालत येता आलं नसतं. आणि मला रोज तुम्हाला बघितल्याशिवाय झोपायचं नाहीये."

"हे आधी नाही सांगायचं?"

"मला ना... बोलायला..." वाक्य अर्धंच राहिलं. त्याचं डोकं हळूच माझ्या खांद्यावर आलं. झोप लागली होती.

मी न हलता खिशातून मोबाइल काढला आणि दुकानाच्या मालकांना दबक्या आवाजात सांगितलं, "आज मला उशीर होईल."