कोमट हाड

ड्रॅगन वगैरे काही नसतो, हे मला पहिलीपासून माहीत आहे. आमच्या चीनमधल्या शान्शी प्रांताच्या पिवळ्या टेकड्यांतून निघणारी ‘ड्रॅगनची हाडं’ म्हणजे जुन्या काळच्या घोड्यांची नि गेंड्यांची दगड झालेली हाडं. झोपेत घाबरणाऱ्यांना माझे वैद्य आजोबा ती कुटून देतात. अस्सल हाड जिभेला चिकटतं. आजोबांची जीभ तंबाखूनं केव्हाच मेली, म्हणून ही परीक्षा माझ्याकडे.

“लावायचं आणि लगेच काढायचं,” एवढीच त्यांची ताकीद.

मंगळवारी मी भलतीच खुशीत होते. गेल्या वर्षी हजेरी देतानासुद्धा थरथरणारी मी शुक्रवारी वक्तृत्व स्पर्धेत शाळेकडून बोलणार होते! नवं हाड जिभेला लटकवलं आणि दोन्ही हात मोकळे सोडून भाषणाचे हातवारे करून दाखवले.

“रुओलान, काढ ते!” आजोबा ओरडले.

सहज निघेना. ओढलं तेव्हा ‘टप्’ आवाज झाला. ही हाडं नेहमी गार असतात. हे कोमट होतं.

तेच हाड आजोबांनी कुटून शेजारच्या हाओ मावशींना दिलं, रोज एक पुडी. त्यांचा चार वर्षांचा दौदौ महिनाभर किंचाळत उठत होता.

बुधवारी सरावात पहिलं वाक्यच येईना. कागद हातात, अक्षरं समोर, तोंडात नुसती खडूची चव.

“काल तर तोंड बंद होत नव्हतं बाईसाहेबांचं,” बाई म्हणाल्या. वर्ग हसला.

गुरुवारी अर्धं भाषण तसंच गेलं.

शाळेतून आले तर हाओ मावशी आजोबांच्या दुकानात. हातात सोललेलं आलं, खांद्यावर झोपलेला दौदौ.

“काय गाढ झोपतो गं आता! नुसता बडबडतो. ‘आदरणीय परीक्षक’ म्हणे! हुबेहूब तुझा आवाज. तूच शिकवलंस ना, लबाडे?”

मी त्याला काहीच शिकवलं नव्हतं.

“दोन पुड्या उरल्यात. त्याही देऊन टाकते.”

मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. जीभ हलली. आवाज आला नाही.

“मावशी, राहिलेलं औषध त्याला देऊ नका,” माझा आवाज म्हणाला.

दौदौचे डोळे मिटलेलेच होते.

“ऐकलंस? अगदी तूच!” मावशी हसल्या. त्यांनी त्याच्या ओठांवर बोट ठेवलं. “शू… झोप, राजा.”

त्या माझ्यापासून चार हात लांब होत्या.

माझ्या ओठांवर बोट टेकलं. गार. आल्याचा वास असलेलं.