सात कोन

साहेब, समुद्र निळाच असतो हे तुम्हाला शिकवलं कुणी? एसीत बसून तुम्ही खुशाल फर्मान काढलंत, पाणी निळं करा, हीरो गोरा करा. राजोडीच्या किनाऱ्यावर एकदा तरी पाय भिजवलेत का हो?

हे रोज फ्लॉसीच्या ओठांवर यायचं आणि रोज ती ते गिळायची. दोन हजार तीन साल. वसईजवळ गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात कॉम्प्युटर गेम बनायचा होता. त्याआधी तो दिसणार कसा, ते कागदावर उतरवायचं काम गिरीज गावच्या या पोरीकडे होतं. होड्या चुकू नयेत म्हणून दहा दिवसांसाठी पाचूबंदरचा मच्छीमार श्रीपत बोलावला होता.

आल्या आल्या तिचं चित्र बघून तो म्हणाला, "म्यॅडम, ही होडी पान्यात घातली तर आधी तुम्हीच बुडाल."

"मला पोहता येतं."

"मंग हरकत नाय. बुडा."

चित्रावर ट्रेसिंग पेपर पसरून तो पेन्सिलीनं चुका लिहायचा. वाकला की शर्टाचा खारा वास यायचा... आणि फ्लॉसीची रेघ हमखास हलायची.

नवव्या दिवशी तिनं हीरो काढला, वल्हं धरून उभा. साहेबांना मेल केला, कागद टेबलावर ठेवला आणि जेवायला गेली. परत येऊन बघते तर ट्रेसिंगवर एकच शब्द – 'कोन?'

चुकला वाटतं कोन! ती संध्याकाळपर्यंत बसली. डावीकडून, उजवीकडून, वरून, पाठीमागून... सात कोन काढले आणि सकाळी त्याच्यापुढे मांडले.

श्रीपत आधी खो खो हसला. मग एकेक कागद जवळ ओढून बघू लागला.

"अहो, मी इचारलं, ह्यो कोन हाय? मानूस कोन?"

फ्लॉसीनं तेव्हा कुठे नीट बघितलं. तेच पसरट नाक, तीच भुवईवरची खोक, पाठमोऱ्यात तेच खांदे. सात कागदांवर सात श्रीपत!

"कुणी नाही... असाच."

"असाच? आन् खोक बी अशीच पडली?"

तिचे कान तापले. तेवढ्यात फोन वाजला. साहेब.

"हीरोचं नाक सरळ कर, रंग उजळ. जमत नसेल तर दुसरी मुलगी बघतो."

"बघा," फ्लॉसी म्हणाली. "हे नाक असंच राहील." आणि तिनं फोन ठेवला.

पंख्याखाली ट्रेसिंग फडफडत होतं.

"काम जाईल तुमचं," श्रीपत हळूच म्हणाला.

"जाऊ दे."

आज त्याचा दहावा दिवस. उद्या पहाटे त्याची मासेमारीची बोट निघणार होती, ती पंधरा दिवसांनी परतणार. त्यानं पाठमोरं चित्र उचललं. "ह्ये नेऊ?"

फ्लॉसीनं कागदाचं दुसरं टोक घट्ट धरलं.

"न्या. पण आधी बोला. न कळता का होईना, मी सातही बाजूंनी सांगून बसलेय. तुम्ही एका बाजूनं तरी सांगा... मी आवडते तुम्हाला? हसू नका, श्रीपत. हो का नाही?"