खेकड्याच्या शिक्क्याची तलवार

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. जानेवारी १९५७, शनिवार, दुपारचे तीन. जर्मनीतल्या झोलिंगन गावात, वुपर नदीकाठच्या एवाल्टमामाच्या कारखान्यात.

मामा जुन्या लष्करी तलवारींवरचे शिक्के वाचून त्या कुठल्या ते सांगायचा. त्या दिवशी घोडदळाची एक तलवार आली होती. आणणारा म्हणाला होता, फ्रेंच आहे.

मामाने मुठीजवळ काजळी चोळली, ओला कागद दाबला. कागदावर खेकडा उमटला.

"फ्रेंच म्हणे! हेटे पोरी, हा खेकडा नदीपलीकडच्या भट्टीचा. आपल्याच गावची आहे ही बया."

मग त्याने पातं उलटं करून दुसरी बाजू पाहिली.

पारख करणाऱ्याचा शिक्का नव्हताच...

"पारखीचे तीन घाव सोसल्याशिवाय आपलं पातं दाराबाहेर जात नाही. ही गेलीच कशी?"

"शंभर वर्षं झाली, मामा. सोड ना. कॉफी निवतेय."

"तीन घाव घालतो नि आलोच. तुझी कॉफी काही पळून जात नाही."

त्याने कोपऱ्यातल्या लाकडी ओंडक्यावर पहिला घाव घातला.

आवाजच आला नाही...

दुसरा. लाकूड चिरलं, तरी आवाज नाही. बाहेरच्या नदीचाही नाही...

तिसऱ्यानंतर तो थांबला नाही.

चौथा. पाचवा. सहावा. मामाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याचा डावा हात हळूहळू सरकत ओंडक्यावर आला...

"हेटे, हात माझं ऐकत नाहीयेत! धर मला!"

मी त्याच्या दंडाला लटकले. त्याने मला भिंतीवर भिरकावलं. घाव पडला. दोन बोटं माझ्या पायाशी येऊन पडली.

तलवार पुन्हा वर गेली.

मी घण उचलला आणि मामाचं उजवं मनगट फोडलं. हाड मोडलेलं मात्र स्वच्छ ऐकू आलं.

तलवार गळून पडली. मी तिच्यावर पाय दिला. मामा रक्तात लोळत होता.

ठक...

ठक...

रिकाम्या ओंडक्यावर घाव पडतच होते. माझ्यासमोर लाकडात नव्या चिरा उमटत होत्या.

तलवार आम्ही वितळवली, ओंडका जाळला. मामा वाचला, पण त्याचे दोन्ही हात कामातून गेले. शेवटपर्यंत मीच त्याला भरवलं. "बरं केलंस पोरी," म्हणायचा. माझ्याकडे बघायचा मात्र नाही.

गेल्या मंगळवारी मी पाव कापायला सुरी उचलली. माझा डावा हात आपणहून फळीवर येऊन पसरला...

मी किंचाळले. नवऱ्याने धावत येऊन सुरी हिसकावली.

आता पाव तोच कापतो. तोवर मी दाराशी उभी राहते, एका हाताने दुसरा घट्ट धरून.