भाजीत दाणे आहेत का?

एस.टी. धुरळा उडवत निघून गेली आणि देऊळघाटच्या फाट्यावर केसर एकटीच उरली. एक ट्रंक, एक वळकटी, आणि पोटात सकाळपासून नुसता चहा.

पौषातली दुपार होती. ऊन अंगाला गोड लागत होतं. समोर टिनाचं एक हॉटेल होतं आणि आतून भाजल्या भाकरीचा वास येत होता. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिला सकाळचाच झेंडूचा हार. तो हार पाहून केसरचे खांदे जरा सैल झाले आणि ती आत शिरली.

चुलीजवळून एक उंच, सावळा तरुण उठला. डोळे असे की हसतायत की तपासतायत, सांगता येऊ नये.

"वांग्याची भाजी हाय, ठेचा हाय, भाकर गरम हाय. काय वाढू?"

"भाजीत दाणे आहेत का? शेंगदाण्याचा कूट?"

"नाही."

"ठेच्याची पळी भाजीत घातली नाही ना? आणि भाकरी कुणी थापली? त्या हातांनी आधी काय केलं होतं?"

तो बघतच राहिला. बघता बघता त्याच्या डोळ्यांतलं काहीतरी विझलं. ते केसरला दिसलं… पण का, ते कळेना.

"माय थापते," तो म्हणाला. "हात धुते ती."

इतक्या पटकन 'नाही' म्हणणारा माणूस खोटंच बोलत असणार, असं केसरनं मनाशी ठरवलं. मीठ आणि कांदा लावून तिनं कोरडी भाकरी खाल्ली. भाजीची वाटी तशीच परत गेली. ती परत गेलेली वाटी त्यानं बराच वेळ हातात धरून ठेवली होती, हेही तिनं पाहिलं.

केसरच्या या विचारण्यामागे एक दुखणं होतं. नऊ वर्षांची असताना साखरखेर्ड्याला एका लग्नात तिनं दाण्याचा लाडू खाल्ला आणि घटकाभरात ओठ सुजले, गळा आवळला, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. मामानं बैलगाडी दामटली म्हणून ती वाचली. पुढं नर्सिंगच्या वसतिगृहात तिनं स्वयंपाकीणबाईंना सगळं मोकळेपणानं सांगितलं, तर बाईंना ते मनाचे खेळ वाटले. खरं-खोटं बघावं म्हणून त्यांनी आमटीत चिमूटभर कूट टाकला. त्या चिमटीनं केसर दोन दिवस खाटेवर होती. तेव्हापासून ती कारण कुणालाच सांगत नसे. नुसतं विचारायची, आणि उत्तरावर विश्वास ठेवायची नाही.

केसर या गावी नर्स म्हणून आली होती. दवाखान्यानं तिला दिलेली खोली कापसाच्या वखारीला लागून होती. तिथं चूलच काय, काडी ओढायचीही बंदी. म्हणजे दोन्ही वेळचं जेवण पंजाबच्या हॉटेलात. पंजाब हे त्याचं नाव. आत चुलीपुढं त्याची आई, तानाबाई. गावात सगळे केसरला 'नर्सबाई' म्हणत आणि तीही आडनाव सांगत नसे. मागच्या गावी आडनाव कळल्यावर बाळंतिणींच्या घरची दारं लागली होती.

रोज ती विचारायची, रोज तो 'नाही' म्हणायचा, आणि रोज भाजीची वाटी तशीच परत जायची. आठवड्याभरात त्या विचारण्याला एक लय आली.

"आज भाजीची कुंडलीच आणू का बाई?" तो एकदा म्हणाला.

"आणा की. तिच्या मावशीचीही आणा."

त्याला हसू फुटलं… आणि अर्ध्यावरच त्यानं ते गिळलं. हा माणूस हसू का गिळतो? काय लपवतो? केसर खोलीवर जाऊन विचार करीत बसे. कारण तोच माणूस बाकावरची उन्हाची जागा तिच्यासाठी राखून ठेवी, आणि पातेल्यावरचं झाकण उचलताना वाफ तिच्या अंगावर येऊ नये म्हणून मान न वळवता पातेलंच वळवी. ती बघत नाही असं वाटलं की तो बघे. त्याची पाठ फिरली की ती.

एके दिवशी तो ताट ठेवता ठेवता थबकला. "तुमच्यासाठी भांडं वेगळं ठेवू का?"

केसरला इतकं बरं वाटलं. "ठेवा ना! मी केव्हापासून म्हणणारच होते."

पंजाबचा चेहरा ओल्या मातीनं लिंपल्यासारखा झाला. "हाव," तो म्हणाला, आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहाला आली आणि उंबऱ्याबाहेरच खिळली. वळचणीच्या वाशाला एक कान तुटका कप उलटा टांगलेला होता. खाली, पायरीजवळ, एक ताट. शेजारी गोणपाट.

असा कप केसरनं लहानपणी रोज पाहिला होता. पाटलाच्या वळचणीला टांगलेला, आपल्या आईचा. वरून चहा ओतला जाई, आई प्यायची, विसळायची, पुन्हा टांगून यायची.

"हे काय आहे?" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"तुमचं भांडं. वेगळं." पंजाब दारात उभा होता. "हात कोनाचा, पळी कोनाची, रोज इचारत व्हत्या. सरळ जात इचारायची व्हती ना बाई. आमचा कप पिढ्यान्पिढ्या लोकायच्या वळचणीले राह्यला. धम्म घेतला, तवा आजानं तो फोडला. आता तुमचा टांगला. बसा."

केसर बसली नाही. तिनं हात उंचावून तो कप काढला आणि पदरानं पुसला.

"पंजाबराव, माझ्या आईचा कप अस्साच होता. छप्पन साली आम्हीही फोडला. तुमच्या भिंतीवरचा हार पाहिला म्हणून तर मी या दारात शिरले. शाळेत ओंजळीत वरून ओतलेलं पाणी पिऊन मी नर्स झाले… आणि मी तुमच्या हाताची जात विचारीन?"

पंजाबची मान खाली गेली. कानशिलं तेवढी लाल झाली.

मग तिनं सांगितलं. लाडू, बैलगाडी, आमटीतली चिमूट. कुणाला न सांगितलेलं सगळं, सकाळच्या त्या थंडीत, पायरीवर उभं राहून. सांगता सांगता ती पाहत होती, की आता हा हसणार. म्हणणार, मनाचे खेळ.

पंजाब हसला नाही. तो मटकन गोणपाटावर बसला.

"कालच्या भाजीत कूट व्हता," तो म्हणाला. "तुम्ही इचारलं, अन् मी न पाहताच 'नाही' म्हनलो. रोजच म्हनत व्हतो. रागात. एखाद दिशी तुम्ही ती खाल्ली असती तर…"

"मी खाल्लीच नाही ती. एकदाही."

"काऊन?"

"तुमच्या 'नाही'वर विश्वास कुठं होता माझा?"

आतून तानाबाईंचा आवाज आला, की पोरीले पायरीवर उभी ठेवून काय बोलून राह्यला बे, आत घे तिले.

तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या दारात काळी फळी लागली. वर खडूनं, सातवीपर्यंत शिकलेल्या पंजाबच्या वळणदार अक्षरात: 'वांग्याची भाजी – दाणे नाहीत. ठेचा – दाणे आहेत. लाडू – तीळ आहेत. भजी – बेसन. तेल – करडीचं.' गिऱ्हाइकं फळी वाचून दचकली. कुणी विषबाधा झाली का म्हणून कुजबुजलं, दोघं तर चहा न घेताच उठले. एस.टी.चा कंडक्टर कडूबा म्हणाला, ही सरकारी धाड दिसते. पण चार दिवसांनी तोच हळूच विचारू लागला, की बेसनाशिवाय काय हाय, त्यानं मले बी पित्त उठते.

तानाबाईंनी एका पळीला लाल दोरा बांधला. ती पळी आणि एक पातेलं फक्त कूट नसलेल्या भाजीसाठी. केसरला आत नेऊन सगळं दाखवलं. त्या दिवशी केसरनं पहिल्यांदा तिथली वांग्याची भाजी खाल्ली आणि पंजाब तिचे ओठ सुजतायत का ते बघत समोर उभा राहिला. बराच वेळ. हवा होता त्याहून बराच जास्त.

"सुजले नाहीत," ती म्हणाली. "आता बघणं पुरे."

माघात भुईमुगाच्या भाजक्या शेंगांनी सगळा फाटा दरवळत होता. एस.टी.तल्या कुणीतरी पंजाबपुढं मूठभर शेंगा धरल्या. त्यानं मान हलवली.

"दाणे का नाही घेतले?" केसरनं विचारलं.

"सोडले."

"तुम्ही? कशाला?"

तो फडक्यानं कोरडं बाकच पुसत राहिला. "तुम्हीच म्हनल्या व्हत्या… हाताले लागलेला कूट बी तुमाले चालत नाही. म्हनलं, उद्या तुमचा हात हाती घ्यायची येळ आली… तर आपला हात आधीपासून साफ पाह्यजे."

गाडी निघून गेली. धुरळा खाली बसला. केसरनं संशयानं त्याच्याकडं पाहिलं. जुनी सवय होती ती.

"हात दाखवा."

त्यानं पुढं केला. तिनं तो दोन्ही हातांत धरून नाकाशी नेला. खडू, चुलीचा धूर, करडीचं तेल. दाण्याचा मागमूस नव्हता.

"पटलं?" त्याचा आवाज अगदी खाली गेला होता.

"एका दिवसावरून काय सांगणार?" केसर म्हणाली. हात मात्र तिनं सोडला नाही. "उद्या पुन्हा तपासीन. रोज तपासावं लागेल, पंजाबराव… जन्मभर."