विहिरीच्या पाण्यात विसळलेली बाटली

मिरकरवाड्याच्या जेटीला धाकूमामांची होडी होती, पण धाकूमामा नव्हते. तापानं निजले होते. त्यांच्या जागी त्यांचा भाचा रूपेश... समुद्राच्या पाण्याचे नमुने घ्यायला आलेल्या दीक्षाला बघून असा हसला, की तिला उगाच ओढणी सारखी करावीशी वाटली.

"मॅडम, बाटल्या बघा कशा चकचकीत केल्या! विहिरीच्या पाण्यानं."

"अहो, काय केलंत हे!"

समुद्राचा खारटपणा मोजायच्या त्या बाटल्या; समुद्राच्याच पाण्यानं विसळायच्या. गोड्या पाण्याचे चार थेंब राहिले तरी सगळं चुकणार.

"म्हणजे फेरी फुकट?"

"फुकट!"

"मग उद्या परत या की."

ती गेली. मग थंडीभर जातच राहिली. 'मॅडम'ची 'दीक्षा' कधी झाली, दोघांनाही कळलं नाही.

"थंडीत बंगालच्या उपसागराचं पाणी कन्याकुमारीला वळसा घालून इथवर येतं," ती सांगायची. "नद्यांचं असतं ना, कमी खारट."

"एवढ्या वाटेत बदलत नाय?"

"बदलतं. इथल्या खाऱ्यात मिसळत मिसळत जातं. पावसाळ्यात उलटं. आपलं पाणी तिकडं जातं. आपलं जड, म्हणून तिथल्या पाण्याखाली शिरतं... खोल."

पुढचं तिच्या ओठांवर यायचं आणि परतायचं. जूनमध्ये तिला विशाखापट्टणमला जायचं होतं, संशोधनाला, काही वर्षांसाठी. 'जाऊ नको' म्हणाला तर? आणि नाहीच म्हणाला तर? रात्री कूस बदलून बदलून उशी तापायची.

शेवटच्या फेरीला वारा सुटला होता. दीक्षानं बाटली भरली, मीटर बुडवला आणि आकडा बघून कपाळाला हात लावला.

"रूपेश! बाटलीत आधी पाणी होतं?"

"होतं. विहिरीचं."

"इतके दिवस शिकवतेय मी!"

"ठाऊक हाय गो." तो दोरीशी चाळा करत राहिला. "आज शेवटची फेरी म्हणालीस ना... बाटली बिघडली तर उद्या यावं लागेल."

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. मग तिनं सांगून टाकलं... विशाखापट्टणम, जून, सगळं.

इंजिन बंद होतं. होडी नुसती हलत होती.

"बदलशील तिकडं," तो म्हणाला.

"बदलेनच."

"ते आपलं पाणी... खोल गेलेलं. ओळखतात कसं?"

"मिठावरून. थोडं उरतंच."

"मग झालं तर!" त्याचा आवाज ओला होता, तरी हसला. "जा तू. थंडीत ये. मी ओळखीन."

दीक्षानं समुद्रात बोटं बुडवली आणि ओलीच त्याच्या तळहातावर टेकवली. "चव विसरलास तर बघ!"

त्यानं मूठ मिटली, ती जेटीला लागेपर्यंत उघडली नाही. एका हातानंच होडी हाकली.

"उद्या किती वाजता?" उतरताना तिनं विचारलं.

"तू म्हणशील तेव्हा."

"आणि बाटल्या?"

"विसळून ठेवतो की..." तो डोळे मिचकावत म्हणाला, "विहिरीवर!"