एका वेळी एकच

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. बाप माझा होता, आणि त्या खोलीत मी उभी होते.

१९७६. ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार, दुपारचे चार. फ्रिडरिशस्ट्रासे स्टेशनाला लागून असलेली चौकी, पूर्व बर्लिनमधून पश्चिमेला परतायची.

मी पश्चिमेला राहायचे, बाबा भिंतीपलीकडे. पासष्टी गाठेपर्यंत त्यांना इकडे यायला बंदी. म्हातारा कामाचा उरला नाही, की सरकारला दया येणार.

त्या महिन्यात बाबा पासष्टचे झाले. परवाना मिळाला.

मी त्यांना भेटायला तिकडे जायचे, तेव्हा सगळं पढवून ठेवलं होतं. "अरुंद खोली असते. एका वेळी एकच माणूस. मागचं दार लागतं. काचेमागचा अधिकारी फोटोशी ताडायला उजवा कान बघतो. तो सांगेल तेवढंच करा. विचारल्याशिवाय हलू नका."

"कान?" बाबा हसले. "मग चांगला घासून धुतो. तुझ्या आईची तेवढीच इच्छा राहिली होती."

मंगळवारी ते येणार होते. मी दिवसभर पश्चिमेकडच्या स्टेशनवर उभी.

ते आलेच नाहीत.

आली ती तार. एमिल राश्के, सकाळी सात वाजता, राहत्या घरी, झोपेत वारले.

शनिवारी दफन झालं. त्यानंतर शेजारच्या कुबित्झबाईंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. भिंतींना कान असायचे, म्हणून आधी नळ सोडला.

"झोपेत कसले गं?" त्या कुजबुजल्या. "आठला माझ्यासमोर जिना उतरले. टोपी घालून, हातात केकचा पत्र्याचा डबा. मला म्हणे, बघा, कान चकचकीत आहे ना?"

"मग काय झालं?"

"मला विचारू नकोस. मला इथेच राहायचंय."

मी घर धुंडाळलं. डबा नव्हता. टोपीही नव्हती.

माझा बाप वाटेत कुठेतरी कोसळला होता, आणि या हरामखोरांनी त्याला कागदावर घरी नेऊन झोपवलं होतं. डोक्यात नुसती आग घेऊन मी चौकीवर आले.

मागचं दार लागलं.

काचेमागे पंचविशीतला अधिकारी. त्याने पासपोर्ट पाहिला. मग वर पाहिलं... माझ्या डोक्यामागे तिरका आरसा असतो, त्यात त्याला माझी पाठ दिसते.

"एका वेळी एकच," तो म्हणाला.

"एकटीच आहे मी."

"इथे चेष्टा चालत नाही, बाई. मागच्या आजोबांना बाहेर थांबायला सांगा."

मी वळले.

बंद दार. बाकी काही नाही.

पण... पत्र्याचं झाकण वाजलं. हात थरथरत असला की वाजतं तसं.

"आणि त्यांना सांगा," तो वैतागून म्हणाला, "मी विचारल्याशिवाय कान दाखवायचा नाही."

भीतीपेक्षा राग मोठा होता.

"मंगळवारी इथेच मेले ना ते?" मी विचारलं. "याच खोलीत?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने पुन्हा आरशात पाहिलं... आणि मान खाली घातली. घाईघाईने शिक्का मारला, बटण दाबलं. पुढचं दार घूं करत उघडलं.

मी दारात पाय अडकवला. "चला, बाबा."

"दार सोडा."

"नाही सोडणार. परवाना आहे त्यांच्याकडे."

मी थांबले. शेजारून कुणी गेलं नाही. वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही. दोन शिपायांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. दार लागलं... आणि त्याच्या पलीकडे झाकण पुन्हा वाजलं.

पुढे भिंत पडली. आता तिथे संग्रहालय आहे, आणि तीच खोली लोकांना बघायला ठेवली आहे. लोक हसत फोटो काढतात. बघून तळपायाची आग मस्तकात जाते.

गेल्या वर्षी काठी टेकत मी आत शिरले. आरशाकडे बघायचं धाडस झालं नाही. दारात एक बाई ताटकळत होती.

"या ना आत," मी म्हटलं.

ती अदबीने मागे सरली. "राहू द्या. आधी तुम्हा दोघांचं होऊ द्या."

दोन्ही दारं सताड उघडी होती. काचेमागे कुणी नव्हतं. इतकी वर्षं तिथे कान विचारणारं कुणीच नाही.

विचारल्याशिवाय हलू नका, असं मीच त्यांना सांगितलं होतं.

संग्रहालयात त्या दिवशी मी तरी कान विचारायला हवा होता. पण मी न विचारताच बाहेर आले.